झोंबी वॉक सांगलीत चालेल का?

प्रश्न: ताई, आमच्या ग्रुपला वृद्धाश्रमासाठी किराणा जमवायचाय म्हणून झोंबी (सिनेमातली चालती-फिरती प्रेतं) बनून विश्रामबागपासून गणपती मंदिरापर्यंत चालत जायचं ठरतंय, पण घरचे म्हणतात भुताची सोंगं कशाला? मेकअप पण कसा करायचा ते सांगा ना.

उत्तर: अगं, सोंगं आपल्याला काय नवीन आहेत, बहुरूपी विसरलात का घरचे? आणि सांगली तर नाट्यपंढरी, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच नाटक उभं केलं! झोंबी वॉक या नावानं हा प्रकार 2003 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सुरू झाला आणि मग बऱ्याच शहरांत लोक येताना डबाबंद खाणं आणून गरजूंना द्यायला लागले, तसं तुम्ही प्रत्येकी किलोभर तूरडाळ नाहीतर साखर आणा, पैसे नकोच, रोख वर्गणीला धर्मादाय ऑफिसची परवानगी वगैरे भानगडी येतात. पोलीस स्टेशनला अर्ज मात्र आधीच द्या.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, लाल खायचा रंग आणि चिमूटभर कोको, कोको नाही घातला तर ते रक्त कमी नि रसना जास्त दिसतं (आमच्या गॅदरिंगला झालंय!). आधी चेहऱ्याला व्हॅसलिन चोपडा, नाहीतर दोन दिवस गाल गुलाबी घेऊन कॉलेजला जाल. पाकाला मुंग्या लागतात, माश्या पण, तेव्हा फाटका शर्ट जुनाच घ्या. आणि मंदिराच्या अलीकडेच थांबा हं, दर्शनाला आलेल्या आज्ज्या दचकतील.