पांढऱ्या पेशी भरपूर, मग एवढी भीती कशाला?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन आठ महिने झाले. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन चालू आहे. मागे त्यांना थोडा कोरडा खोकला झाला. ताप ९९.४ च्या वर गेला नाही, तरी डॉक्टरांनी लगेच छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. पांढऱ्या पेशी १२,८०० होत्या, म्हणजे कमी नव्हत्या. या गोळ्या 'टी' पेशींना आवरतात असं आम्हाला सांगितलं होतं. मग बाकीची प्रतिकारशक्ती शाबूत आहे ना? त्यांचं बागकामही बंद केलंय, त्यामुळे ते फार हिरमुसलेत.

उत्तर : सीटी स्कॅन लगेच केला हे फार बरं झालं, हे आधी सांगते. तुमच्या जागी मीही तोच आग्रह धरला असता.

परकी किडनी नाकारण्यात 'टी' पेशी पुढे असतात, म्हणून औषधांचा मुख्य रोख त्यांच्यावर असतो, हे खरंच आहे. पण जंतू शिरला की सर्वांत आधी धावतात त्या न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि एनके या पांढऱ्या पेशी. ही आपली उपजत प्रतिकारशक्ती. तीही या गोळ्यांतून सुटत नाही.

आधी त्या १२,८०० विषयी. न्यूट्रोफिल पेशींचा मोठा हिस्सा एरवी रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून असतो आणि सुईने काढलेल्या रक्तात तो येत नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे ही पकड सुटते, पेशी प्रवाहात उतरतात, शिवाय अस्थिमज्जेतूनही जास्त बाहेर पडतात. रिपोर्टमधला आकडा फुगतो. पण रक्तातून फुप्फुसात पोचायचं तर पेशीला आधी भिंतीलाच चिकटावं लागतं, मग तिच्यातून पलीकडे सरकता येतं. म्हणजे रक्तात गर्दी आणि जिथे गरज आहे तिथे तुटवडा, असं होऊ शकतं. उलट, तो आकडा खऱ्या संसर्गामुळेही वाढलेला असू शकतो. नुसत्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, म्हणून सीटी.

तापाचंही तेच. ताप जंतू आणत नाही, आपल्याच पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे संदेश सोडून तो चढवतात. स्टेरॉइड हे संदेशच दाबतं. त्यामुळे न्यूमोनिया असतानाही पारा ९९ च्या आसपास रेंगाळणारे पेशंट आम्ही पाहतो. १००.४ झाला तर फोन कराच. पण धाप लागते, जेवण जात नाही, माणूस नेहमीपेक्षा मलूल दिसतो, यातलं काहीही असेल तर थर्मामीटरची वाट पाहू नका. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या तर किडनीसाठीच घातक.

टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम रोखतं. ते 'टी' पेशींत महत्त्वाचं आहेच, पण मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलमध्येही बुरशी मारण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे कण आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो आणि फुप्फुसातल्या पेशी ते निमूटपणे संपवतात. टॅक्रोलिमस घेणाऱ्याकडे हे काम ढिलं पडतं.

मायकोफेनोलेटचा भर लिम्फोसाइटवर, म्हणजे 'टी' पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशींवर, आहे, पण कधी कधी न्यूट्रोफिलही घसरतात, विशेषतः सोबत व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर (विषाणूविरोधी औषध) किंवा कोट्रायमॉक्सॅझोल (अँटिबायोटिक) असेल तर. सीबीसी वारंवार करायला लावतात ते म्हणूनच.

सगळी औषधं एकाच दिशेने ओढतात असंही नाही. सिरोलिमस हे ट्रान्सप्लांटनंतर काहींना दिलं जाणारं औषध 'टी' पेशींना आवरतं, पण मोनोसाइटसारख्या (उपजत प्रतिकारशक्तीतल्या) काही पेशींना उलट जास्त चेतवू शकतं. ते घेणाऱ्या काहींना जंतू नसतानाही फुप्फुसाला सूज येते. मला हे आजही विलक्षण वाटतं.

हे वाचून एखादी गोळी परस्पर कमी करू नका, ही कळकळीची विनंती. रिजेक्शन झालं, म्हणजे शरीराने किडनी नाकारली, तर ते थोपवायला औषधांचे मोठे डोस द्यावे लागतात आणि संसर्गाचा धोका आणखी वाढतो. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीविरोधी औषध) लिहून दिलं तर आधी तुमच्या ट्रान्सप्लांट टीमला विचारा, कारण या औषधांनी टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल चढते. टीबीवरच्या रिफॅम्पिसिनने ती कोसळते.

आता बाग. ही बंदी कायमची असेलच असं नाही. औषधांचे डोस स्थिरावले, खोकल्याचा छडा लागला, की डॉक्टरांना पुन्हा विचारा. परवानगी मिळाली तर हातमोजे, बंद बूट आणि नीट बसणारा मास्क घालून पाणी घालणं, छाटणी करणं जमू शकेल. माती उकरणं, वाळका पाचोळा गोळा करणं, कंपोस्ट खालीवर करणं मात्र नको, बुरशीचे कण उडतात ते तिथेच. कंपोस्टचं पोतं तुम्ही उघडा आणि त्या वेळी त्यांना घरात बसवा.