थ्री फेज मोटरला 415 ऐवजी 350 व्होल्ट मिळतात. डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे त्याचे वेढे कमी-जास्त करणारा स्विच, बदलून फरक पडेल का?

थोडाच. टॅपच्या एका पायरीने साधारण अडीच टक्के, म्हणजे दहा-अकरा व्होल्ट वाढतात. टॅप 11 केव्हीच्या बाजूला असतो. 200 केव्हीएच्या डीपीत तिकडे जेमतेम साडेदहा अँपिअर वाहतात, तर 433 व्होल्टच्या बाजूला सुमारे 267, त्यामुळे टॅपचा स्विच लहान ठेवता येतो. 11 केव्हीच्या बाजूचे वेढे कमी केले की 433 च्या बाजूचे व्होल्टेज वाढते. पण हे काम पुरवठा पूर्ण बंद करूनच होते आणि ते लाइनमननेच करायचे, स्वतः डीपीवर अजिबात चढू नका! लहान डीपींना बहुधा टॅप नसतोच.

आधी भर दुपारी डीपीजवळचे आणि मोटरजवळचे व्होल्टेज मोजून घ्या. डीपीजवळ 410 असेल तर उरलेले तारेत पडतेय. केबल जाड करा. तिन्ही फेज असमान असतील तर टॅपचा उपयोग नाही, कारण तो तिन्ही एकदम बदलतो. तेव्हा प्रत्येक फेज वेगळा सावरणारा सर्वो स्टॅबिलायझर लागतो. मात्र व्होल्टेज चढवताना तो लाइनमधून जास्त करंट ओढतो, म्हणून बारीक तारेवर तो बसवू नका.