नातवंडांना जग चाखवायचंय? ज्वारीपासून सुरू करा

ताई, पिझ्झा-पास्त्यानं सुरुवात नका करू, ते पोरं सांगलीत कुठंही खातात. त्यापेक्षा इथिओपियाचा इंजेरा करा. तिकडं तो टेफ नावाच्या बारीक धान्याचा असतो, पण ज्वारीचाही करतात, आणि शाळू आपल्या घरात असतोच की. पीठ पातळ भिजवून दोन दिवस आंबू द्यायचं (थंडीत जास्त), आंबट वास येऊन बुडबुडे दिसले की तव्यावर आंबोळीसारखं ओतून झाकण ठेवायचं, उलटायचं मात्र अजिबात नाही. नुसत्या ज्वारीचा तुटतो म्हणून थोडी कणीक मिसळा. वरून जाळी पडायला लागली की नातवंडांना बोलवून दाखवा, भोकं मोजत बसतात बघा!

वर मसुराची घट्ट आमटी, तिखट बेतानं. एकाच मोठ्या ताटात वाढा आणि सगळे गोल बसून हातानं खा. एकमेकांच्या तोंडात घास भरवायची तिकडं रीत आहे, तिला गुर्शा म्हणतात. नातवानं आजोबांना घास भरवला ना, की मग तो देश नकाशावर पोरं स्वतःच शोधतात.

पुढं अफगाणी काबुली पुलाव करा, त्यात गाजर आणि बेदाणे पडतात, तासगावचे बेदाणे तर हाताशीच आहेत. मूळ पुलावात मटण असतं, तुम्ही नाही घातलं तरी पोरांना ते सांगा.

जबरदस्ती नको, एक घास चाखायचा, नाहीतर भाकरी आहेच. पण ताटाला “शी” म्हणायचं नाही हे कडक ठेवा, कुणाचं तरी रोजचं जेवण आहे ते. आणि शेंगदाणे, तीळ वापरण्याआधी सुनेला ॲलर्जीचं विचारून घ्या.