जुनी ड्युअल-क्लच रोखीत की नवी ऑटोमॅटिक कर्जावर?

रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून तुमचा डावा गुडघा कुरकुरायला लागलाय, म्हणून ऑटोमॅटिक हवी. एक पर्याय सात वर्षं जुन्या, ऐसपैस ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गाडीचा. वॉरंटी संपलीय, पण आपत्कालीन निधी मोडला तर ती रोखीत येते. दुसरी नवी, छोटी, टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिच्यासाठी कर्ज काढावं लागेल. तुमचा कल बिनकर्जाच्या गाडीकडे दिसतोय.

एरवी मीही तेच म्हटलं असतं. इथे नाही. ड्युअल-क्लचमध्ये विषम गिअरांना एक क्लच, सम गिअरांना दुसरा आणि पुढचा गिअर आधीच तयार असतो. 2003 मध्ये फोक्सवॅगनने हा गिअरबॉक्स रोजच्या वापराच्या गाडीत आणला. मोकळ्या रस्त्यावर तो झकास चालतो. पण तुमच्यासारखं इंच-इंच सरकायचं असेल, तर क्लच सारखा अर्धवट लागून घासतो. कोरडा, म्हणजे तेलात न बुडवलेला क्लच असेल तर तापतोही. म्हणजे गुडघ्याची झीज क्लच प्लेटवर ढकलायची आणि बिल आपणच भरायचं! क्लचचा संच आणि मेकाट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्स चालवणारा नियंत्रक) बदलायला किती लागतील, याचा लेखी अंदाज आधी घ्या. निधी मोडून बसल्यावर ते पैसे कुठून आणणार?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे गाडी हलवताना क्लच घासत नाही. ‘ऑटोमॅटिक म्हणजे मायलेजची बोंब’ ही तक्रार आता बरीच जुनी झाली. वेग धरला की लॉक-अप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून तेलातली घसरण थांबवतो. शिवाय 1940 च्या ओल्ड्समोबाइल गाडीतल्या हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चार गिअर होते, आज छोट्या गाडीतही सहा मिळतात.

तेव्हा नवी घ्या, पण सहा महिन्यांच्या खर्चाचा निधी तसाच राहू द्या आणि कर्ज चार वर्षांपलीकडे लांबवू नका. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. तो खर्चही धरा.

जुनीच हवी असेल तर जुनी टॉर्क कन्व्हर्टर शोधा. इंजिन तापल्यावर डी (पुढे) आणि आर (मागे) लावून पाहा. झटका बसला तर सोडून द्या. तीही निधीला हात लावल्याशिवाय परवडत नसेल, तर वर्षभर आहे तीच गाडी चालवा आणि नव्या गाडीच्या हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला टाका. हप्ता झेपतो का, तेही कळेल.