एक राहिलेली सही

"सकाळी मशीन चालू केलं, संध्याकाळी बंद केलं. झाली की माझी दहा वर्षं."

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आल्या आल्या त्यांनी हे सांगून टाकलं, तेही पायातल्या चपलांकडे बघत. वय 51. शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा, दोन जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन, हाताखाली एक पोरगा. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगच्या जॉबवर्कवर घर चालतं. बरोबर बायको होती, तीच त्यांना घेऊन आली होती. आपल्याकडे या वयाचा पुरुष समुपदेशकाकडे स्वतःहून सहसा येत नाही, त्याला आणावं लागतं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहू का, हे दोघांनाही विचारलंय.)

निमित्त दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरचं. पन्हाळ्याच्या वाटेवर कुठंतरी जेवण, मोठ्या पडद्यावर 'तेव्हा आणि आता'चे फोटो. एका मित्राचं सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनांचं युनिट, पाच मशीनं. दुसऱ्याचा मुलगा परदेशात. यांचा 'आता'चा फोटो लागला तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "हा आहे तसाच आहे बघा." म्हणणारा कौतुकानंच म्हणाला असणार. त्या रात्रीपासून यांची झोप गेली.

चाळिशी-पन्नाशीतली निम्मी माणसं माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. शब्द वेगळे असतात एवढंच. 'दहा वर्षं कुठं गेली कळलंच नाही.' 'सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं.'

असा माणूस समोर बसला की त्याच्या दहा वर्षांकडे मी लगेच वळत नाही. आधी गेले दोन-तीन आठवडे विचारते. झोप, भूक, कामात लक्ष, आवडीच्या गोष्टीत रस. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसभर मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि तिथं डॉक्टर लागतो. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारते. विचारल्यानं ते विचार डोक्यात येतात, हा गैरसमज आहे. उलट विचारलं की माणूस सुटतो. ते म्हणाले, "मरायचं न्हाई ओ मॅडम. उठून करायचं काय, तेवढं कळत न्हाई." तरी त्यांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. साखर, थायरॉईड, बी-12 बघून घ्या म्हटलं. साखर वाढलेली निघाली. रात्री तीनला जाग येण्यात तिचाही थोडा हात होता.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "दादा, 2018 सालातलं काहीतरी सांगा."

बराच वेळ गेला. काही आठवेना.

"बरं, तुमच्या विशीतलं सांगा."

शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची एक फायनल त्यांनी सांगितली. कुठल्या तालमीची, कुणी कुणाला पाडलं, कॉर्नर कोणी मारला, परतताना सायकलवर तिघं कसे होते, सगळं. मधेच उभे राहून हेडर कसा होता तेही दाखवलं. माझी खोली लहान आहे, ट्यूबलाइट थोडक्यात वाचली.

हे सगळ्यांचंच होतं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे जास्त दाट असतात, मानसशास्त्रात हे बऱ्याचदा दिसून आलंय. पहिल्यांदा घडतं ते मन जपून ठेवतं, रोजचं घडतं ते एकावर एक ठेवून त्याची एकच घडी करून टाकतं. त्यामुळं मागं वळून बघितलं की चाळिशी रिकामी दिसते. ती तशी गेलेली असतेच असं नाही.

मग घरातून पुरावा आणा म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "मी आणतो की." (आमच्याकडच्या बायका आणते म्हणत नाहीत, आणतो म्हणतात.) पुढच्या वेळी त्यांनी पिशवीतून रबर लावलेली गुंडाळी काढली. जुनी कालनिर्णय. 2020 पासूनची सगळी होती. त्याआधीची का नाहीत, हे कोल्हापुरात विचारायला लागत नाही. यांचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा घरात आली, ट्रंकेतली कागदं लगदा होऊन गेली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे तिथल्या पोरांनाही पाठ असतं. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, पण तोवर वहिनींनी कॅलेंडरं माळ्यावर टाकायला सुरुवात केली होती.

आम्ही ती जमिनीवर पसरली. दुधाचे खाडे, 'गॅस लावला', 'भिशी', 'फी भरली'. 2021 च्या जानेवारीपासून 2023 संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी निळ्या पेनानं एकच अक्षर, 'डा'. आईचं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, एका वेळचे साधारण चार तास. तीन वर्षांत तीनशेच्या वर फेऱ्या. जुलै 2021 च्या पुरात घर सोडून मेव्हण्याकडे राहिले, त्या आठवड्यातही 'डा' होतं. वेगळ्या पेनानं लिहिलेलं, बहुतेक मेव्हण्याच्या घरातलं.

इथं मी चुकले. हिशेब करून म्हटलं, "दादा, बाराशे तासांच्या वर तुम्ही आईजवळ बसलाय. आणि म्हणताय काही केलं नाही?"

ते चिडले. पहिल्यांदाच आवाज चढला. "आईला न्हेलं ते काम व्हय? ते करायलाच लागतंय. ते सांगून माझं सीएनसी येतंय का?"

बरोबर होतं त्यांचं. समोरचा गमावलेल्या गोष्टीबद्दल बोलत असताना त्याच्या हातात दुसरंच काहीतरी ठेवायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. नातेवाइकांचीही. 'असू दे रे, पोरगी शिकली ना तुझी!' शिकलीच की. पण सीएनसी राहिलं ते राहिलं. तेवढ्यापुरतं त्याचं सुतक धरू द्यायला हवं.

मी माफी मागितली, आणि सीएनसीचं काय झालं ते विचारलं.

गोष्ट त्यांच्या तोंडात तयार होती, अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली. 2016 मध्ये सीएनसी घेणार होते, नोटाबंदीनं पेमेंटं अडकली. मग 2017 च्या जुलैत जीएसटी आला. 2019 ला पूर, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, माल येईना-जाईना. 2020 ला लॉकडाऊन. "नशीबच तसं." यातलं एकही खोटं नाही. उद्यमनगरात कुणालाही विचारा, हीच यादी मिळेल.

मी फक्त तारखा लावत होते. 2016 चं कॅलेंडर पाण्यात गेलेलं, म्हणून खुणा विचारल्या. "बँकेत सह्या करायला कधी जायचं होतं?"

"गणपती झाल्यावर."

"कोल्हापुरातल्या मराठा मोर्चाच्या आधी का नंतर?" तो 15 ऑक्टोबरचा. गावातल्या कुणाला तो दिवस आठवत नाही असं होत नाही.

"आधी. महिनाभर तरी आधी."

"आणि नोटाबंदी 8 नोव्हेंबरची."

ते गप्प झाले. बोटानं कॅलेंडरच्या कागदावरचा जुना डाग खरवडत राहिले. वहिनी काही बोलणार होत्या, मी हातानं थांबवलं.

"मी नोटाबंदीच्या आधीच न्हाई म्हटलं होतं," ते म्हणाले. "कर्ज मंजूर होतं. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. वडिलांच्या नावचं घर तारण द्यायचं होतं. आदल्या रात्री झोपलो न्हाई. सकाळी मॅनेजरला फोन केला, आता नको म्हणून. नोटाबंदी झाली तेव्हा..." थोडं थांबून, "बरं वाटलं मला, मॅडम. सुटलो म्हटलं. सांगायला कारण मिळालं."

हे त्यांनी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनाही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मला माहीत होतं की. फोन केला तेव्हा मी चहा टाकत होतो."

लांबवर मागं बघताना माणसाला केलेल्या चुकांपेक्षा न केलेल्या गोष्टी जास्त खुपतात. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात यावर बरंच काम केलंय. केलेल्याचा शेवट दिसतो, त्यामुळं ते कधीतरी मिटतं. न केलेलं मात्र मनात वाढत राहतं. यांच्या डोक्यात ते सीएनसी नऊ वर्षं बिनबिघाडाचं चालत होतं, त्याला ना हप्ता होता ना पूर.

मग मी म्हणायला हवं होतं का, 'घेतलं असतं तर लॉकडाऊनमध्ये बुडाला असतात, झालं ते बरंच'? मोह झाला होता. पण ते मला माहीत नाही. मित्र बुडाला नाही, पाच मशीनं झाली त्याची. दिलासा म्हणून खोटं बोललं की समोरच्याला कळतं.

त्याऐवजी विचारलं, "सही एका सकाळची. मग दहा वर्षं का खोडताय?"

याचं उत्तर त्या दिवशी आलं नाही, पण काम तिथून सुरू झालं. 'माझंच असं का झालं' हा रवंथ आहे, तो कितीही वेळ चालतो आणि पोटात काही जात नाही. 'त्या रात्री मला नेमकी कशाची भीती होती' या प्रश्नाला मात्र शेवट असतो. भीती निघाली ती थोरल्या चुलत्यांची. कुणालातरी जामीन राहिले आणि घर गेलं. तेव्हा हे सातवीत होते, सामान टेम्पोत भरताना बघितलेलं. ती रात्र घेऊन हा माणूस बँकेच्या दारात उभा होता. भित्रा म्हणा हवं तर. ते स्वतःला तसंच म्हणतात, पण आता शिवी घातल्यासारखं म्हणत नाहीत.

आम्ही एकूण आठ वेळा भेटलो. झोप सुधारली, त्यात साखरेच्या गोळीचा आणि संध्याकाळच्या रंकाळ्याच्या फेरीचाही वाटा आहे. मशीन त्यांनी घेतलं नाही. मित्राच्या युनिटवर मात्र जाऊन आले, आधी तीनदा टाळून. तिथं दिवसभर बसून प्रोग्रॅमिंग बघितलं. हाताखालच्या पोराला ते शिकायला पाठवायचं म्हणतात. पाठवला का, हे मी विचारलेलं नाही.

तुमची झोप अशीच उडाली असेल, बोलायला कुणी नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मनात मरणाचे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच लावा.

शेवटच्या भेटीत कॅलेंडरांची गुंडाळी माझ्या कोपऱ्यातच होती. मी परत दिली. दादा म्हणाले, "आता काय करायचीत ही, रद्दीत घालू या." वहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून पिशवीत टाकली. "चालू सालाचं पण हाय त्यात. सिलिंडर कधी लावला ते कसं कळायचं मग?"