न्यू ऑर्लिन्सला तीन दिवस आहोत. गावातले लोक जेवतात तिथे कुठे जेवावं?

बर्बन स्ट्रीट फिरायला ठीक आहे, पण जेवायला ट्रेमे भागातलं ‘डूकी चेज’ गाठाच. १९४१ पासूनचं घरगुती हॉटेल. गंबो मागवा: पीठ तेलात तपकिरी होईपर्यंत परतून केलेला दाट रस्सा आणि त्यात भाताची मूद. सोमवार मिळाला तर गावात जिथे असाल तिथे रेड बीन्स-भात, म्हणजे राजमा-भात, सोडू नका. पूर्वी सोमवारी धुणं असायचं, तेव्हा बायका बीन्स मंद आचेवर शिजत ठेवायच्या. ती चाल अजून टिकून आहे. पो-बॉय, म्हणजे लांब पावातलं इथलं सँडविच, खायचं तर मिड-सिटी भागातलं ‘पार्कवे’. तळलेल्या कोळंबीचं घ्या आणि ‘ड्रेस्ड’ म्हणा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, व्हिनेगरमधली काकडी, मेयो घालून देतात. निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा बघा. आणि शाकाहारी असाल तर प्रत्येक ठिकाणी विचारा, बीन्समध्येही बहुतेकदा डुकराचं मांस असतं.