बोर्ड गेला असं आत्ताच धरू नकोस

तुझ्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, त्याचे सगळे कोअर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ४.३ गीगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.४ ला पक्कं केलेलं. त्याजागी नवा ५६०० प्रोसेसर टाकायचा म्हणून विंडोजमधूनच बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अपडेट करायला घेतलास आणि साठ-सत्तर टक्क्यांवर लाइट गेली. आता पंखे फिरतात, स्क्रीन काळी, कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवाही पेटत नाही. बोर्डावरचा सेल तीनदा काढून घातलास, आणि दुकानदार म्हणतोय बोर्ड गेला, नवा घ्या.

सेल चौथ्यांदा काढू नकोस. त्या ३ व्होल्टच्या सेलवर घड्याळ आणि सेटिंग्ज टिकतात. बायोस स्वतः आठ पायांच्या एका वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि वीज नसली तरी तिथेच राहतो. अर्धवट लिहिला गेलेला बायोस सेल काढून पुरा कसा होणार? ओव्हरक्लॉक जास्त झाल्याने मशीन अडकली असती तर या उपायाने ती उठली असती. बहुतेक बोर्ड तेव्हा दोन-तीनदा आपणच बंद-चालू होतात आणि मग साध्या सेटिंग्जवर येतात. तुझं तसं होत नाहीये. म्हणून माझा संशय बायोसच्या फाइलवर आहे, प्रोसेसरवर नाही.

बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या जागांजवळ, फ्लॅश बायोस नावाचं बटण आहे का बघ. सगळ्या बी४५० बोर्डांवर ते नसतं, पण असेल तर तुझं काम घरीच होईल. ते बटण प्रोसेसर आणि रॅम नसतानाही चालतं, फक्त सप्लायच्या मोठ्या २४ पिनांच्या आणि ८ पिनांच्या केबल जोडलेल्या हव्यात. साधा, छोटा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर. बायोसची फाइल नेमकी तुझ्याच मॉडेलची घे. नावात एखादं ‘मॅक्स’ किंवा ‘प्रो’ जास्त असेल तर तो वेगळा बोर्ड. फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसं बदल, पेनड्राइव्ह खूण केलेल्या जागेतच लाव आणि बटण दाब. दिवा लुकलुकत राहील. तो थांबेपर्यंत हात लावू नकोस, दहा मिनिटं लागली तरी चालतील. आणि या वेळी कुणाचा तरी यूपीएस मागून आण. पावसाळ्यात इंदूरची लाइट केव्हा झपकेल याचा भरवसा नाही. फ्लॅश करताना लोड फार नसतो, घरचा छोटा यूपीएस पुरतो.

बटण नसेल तर बायोसची चिप बाहेरून प्रोग्रामर नावाच्या यंत्राने लिहावी लागते. सिल्व्हर मॉलकडे किंवा जेल रोडला चिप-लेव्हल काम करणारा माणूस शोध, पण आधी त्याला चिपवरचा नंबर वाचायला लाव. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिले तर चिप खरोखरच जाऊ शकते. बोर्ड बदलण्याचा विचार एवढं करून झाल्यावर कर.

मशीन उठली की आधी जुना ३६०० च ठेव. सगळं डिफॉल्टवर, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) सुद्धा बंद, कारण तोही ओव्हरक्लॉकच आहे. जुन्या बायोसमध्ये सेव्ह केलेला प्रोफाइल नव्यात चढवू नकोस. बूट डिव्हाइस नाही असं दिसलं तर घाबरू नकोस: विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सेटिंग, चालू करावं लागेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेव आणि मगच ५६०० बसव.

आता त्या १.४ व्होल्टबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. तू म्हणतोस डिफॉल्टवरही १.४ च्या वर दिसायचं. दिसतं, पण ते एखाद्या कोअरवर हलकं काम असताना, क्षणभर. तिथे करंट कमी असतो. तू तेच व्होल्टेज सहाही कोअरांना भर लोडवर, तासन्‌तास देत होतास. त्यात गरमी वाढते आणि प्रोसेसर हळूहळू झिजतो. मिळालं काय? या प्रोसेसरचा कंपनीचाच बूस्ट ४.२ आहे.

माझ्या लोकमान्य नगरच्या घरी डिसेंबरात पास झालेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात, खोली चाळिशीला टेकल्यावर, रोज अडकायचं. मी रॅमला दोष देत राहिलो आणि तोवर विंडोजच्या फाइली खराब होत गेल्या. अशा डळमळीत मशीनवर विंडोजमधून बायोस लिहिणं म्हणजे लाइट न जाताही धोका. अपडेटच्या आधी ओव्हरक्लॉक काढायचंच, आणि फाइल बायोसच्या आतल्या फ्लॅश मेनूतूनच द्यायची.

बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि बटण दाबल्यावर दिवा किती वेळ लुकलुकला, एवढं लिही. तीन-चार सेकंदांतच थांबला तर बहुतेक फाइलचं नाव किंवा पेनड्राइव्ह चुकलाय, दुसरा लावून बघ.